लाइन असली तर

घाटंजीच्या डांबरीला लागून माझ्या पीठगिरणीची भिंत,
अठरा फूट बाय नऊ.
गावात तिच्याइतकं वाचलेलं दुसरं पुस्तक नाही.

पहिल्यांदा आली दंतमंजनवाली बाई.
मग लाल त्रिकोण, दोन लेकरं.
मग नारळाएवढं बोंड लागलेलं बियाणं,
मग सिमेंटचा पहिलवान.
पैसे कोणीच दिले नाहीत,
भिंत फुकटात रंगते, हेच मोल.
मामंजी म्हणत, उरलेला डबा तेवढा ठेवून जा.
आमच्या घराची दारं त्याच डब्यांची:
एक मंजनाचं निळं, एक त्रिकोणाचं लाल.

शालिक पेंटर शिडीवर, मी खाली, पिठानं पांढरी.
‘खात्री’ला त्यानं ऱ्हस्व वेलांटी दिली.
म्हटलं, दीर्घ पाहिजे.
तो वरूनच बोलला,
‘या मालाची खात्री तेवढीच आहे, बाई,’
अन् तशीच ठेवली.

उन्हाळ्यात पोपडे सुटतात,
अन् पहिलवानाच्या छातीतून
मंजनवालीचे दात दिसू लागतात.

आता फोन असतो, दळणाच्या डब्यावर उपडा.
मी फक्त पंचफुलाबाईला म्हटलं,
गुडघा कुरकुरते माझा.
तिची पायलीभर ज्वारी दळून होते न होते
तर फोनवर तेल, पट्टा, कोणी डॉक्टर,
अन् ‘शेवटचे तीन नग’.
आठ दिवस झाले. अजून तीनच आहेत.

भिंतीनं कधी माझ्याकडे पाहिलं नाही.
तिच्यापुढे म्हशी बसल्या, दारुडे लवंडले,
कोणाचा गुडघा दुखते, कोण रात्री दोनला जागं,
तिला घेणं नव्हतं.
ओरडायची, पण साऱ्यांवर सारखी.
हा हळू बोलतो, एकट्याशीच,
अन् पाहून राहिला बाप्पा,
कुठं मी थांबली, कुठं बोट अडकलं.

मागच्या दिवाळीआधी पुण्याहून दोघं आले.
पीठ विकतात. ‘आईच्या हातचं’, घरपोच.
माझी मोटर, पट्टा, ऑइलचा डाग पाहून हिरमुसले.
जातं आहे का?
होतं. परसात, उलटं,
त्याच्या खळग्यात कोंबड्या पाणी पीत.
ते धुतलं. मला नऊवारी नेसवली,
माझ्या मायनंही कधी नेसली नव्हती.
म्हणाले, काकू, ओवी म्हणा.
ओवी कुठली येते मला,
मी तर मोटरच्या आवाजात वाढलेली बाई.
नुसते ओठ हलवा, आवाज नंतर टाकू.
मग मी सतराचा पाढा म्हटला.

पुतण्या प्रज्योत सांगतो,
चार लाख लोकांनी पाहिलं.
एकही दळण घेऊन आलं नाही.
खाली कोणी लिहिलं होतं,
‘आजीची आठवण आली, डोळे भरले.’
मी चोपन्न वर्षांची.
त्याचे डोळे भरले तेव्हा
मी सतरा पंचे पंच्याऐंशीवर होते.
खोटं नाही म्हणत त्याच्या रडण्याला.
आजी असेल त्याची.
फक्त ती त्या पिशवीत नव्हती, अन् मीही नव्हते.

यंदा पोलीस भरतीच्या क्लासवाला आला
भिंत मागायला. नाही म्हटलं.
शालिकला बोलावलं.
फ्लेक्स आल्यापासून तो
पाण्याच्या टाक्यांवर आकडे काढतो, देवळाचे खांब करतो.
हात थरथरतो, पण दोरी अजून सरळ मारतो.
काय लिहू? म्हणाला.
लिही:
दळण. सकाळी सात ते अकरा.
लाइन असली तर.

त्यानं ब्रश थांबवला.
‘शेवटी खात्रीशीर टाकू का?’
म्हटलं, वेलांटी कोणती देशील?
हसला, तर शिडी हलली,
अन् ‘तर’चा र जरा खाली घसरला.

तसाच आहे.
वरच्या कोपऱ्यात
मंजनवालीचे दोन दातही आहेत.